पळसखोऱ्यात आधी कोण आलं

आमच्या मामासासऱ्यांना उद्या साक्षात ब्रह्मदेव भेटला, तर ते त्याच्याकडे वर मागणार नाहीत. त्याला खाट देतील, चहा सांगतील आणि विचारतील, "तुम्ही मूळचे कुठले?" ब्रह्मदेवाने नुसतं "कमळातून आलो" म्हणून भागायचं नाही. ते कमळ कुठल्या तळ्यातलं, तळ्याच्या काठी आधी कोणाची घरं होती, आणि कमळाला तिकडे काय म्हणतात, हे सगळं सांगितल्याशिवाय बिचाऱ्याला चहाची कपबशी खाली ठेवता येणार नाही. माणसाचं नाव, शिक्षण, नोकरी, मुलंबाळं या गोष्टी मामांच्या लेखी अंगावरच्या शर्टासारख्या. आज एक, उद्या दुसरा. खरा प्रश्न एकच, हा माणूस आला कुठून?

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो लग्न ठरवायच्या बैठकीत. मुलीच्या बाजूची वडीलधारी मंडळी नोकरी कायम आहे का, घर स्वतःचं आहे का, असले सरळ प्रश्न विचारत होती. कोपऱ्यात बसलेल्या मामांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "तुमच्या घरी म्हशीला पाणी पाजताना काय म्हणतात?" मी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेला. आमच्याकडे माणसाला मूळ नसतं, क्वार्टर नंबर असतो. शेजारी दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, दूध सायकलवरून यायचं आणि दूधवाल्याशी आम्ही हिंदीत बोलायचो. मी खरं ते सांगून टाकलं. म्हशीशी आमचं बोलणं होत नाही, म्हटलं. कानातला बिल्ला हरवलेल्या गाईकडे बघावं तसं मामांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, 'मूळ : दीपनगर (तात्पुरतं)'. लग्नाला आता चौदा वर्षं झाली. ती नोंद त्यांनी अजून पक्की केलेली नाही.

मामा सरकारी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. एवढा भारदस्त शब्द सरकारने दिलेला, पण गावोगाव त्यांना ढोरडॉक्टरच म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या पळसखोऱ्यात ते आबा. हे पळसखोरे सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दोन टेकड्यांच्या मध्ये एक ओढा, ओढ्याच्या अलीकडे दोन आळ्या, केळीचे नि कपाशीचे पट्टे, आणि ओढ्यापलीकडे भिल्लांच्या आठ-दहा घरांची भिलाटी. जिल्ह्याच्या नकाशात गाव शोधायचं तर चष्मा पुसून घ्यावा लागतो. पण मामांच्या मते मानवजातीचा सगळा इतिहास या ओढ्याच्या काठी घडलेला आहे, फक्त कोणी तो लिहून घेतलेला नाही.

तो लिहिण्याची त्यांची पद्धत त्यांनी नोकरीतच शोधून काढली. तीस वर्षं लोकांच्या गोठ्यात बसून त्यांच्या लक्षात आलं की माणूस माणसाशी बोलताना भाषा बदलतो. साहेबांपुढे एक, व्याह्यांपुढे दुसरी, जळगावच्या बाजारात तिसरी. पण म्हशीशी बोलताना बदलत नाही. "बदलून करणार काय?" मामा म्हणतात. "म्हैस काय शाळेत गेली आहे? पणजोबांनी तिच्या पणजीला जे म्हटलं, तेच तिला कळतं." तेव्हा एखादं घराणं मुळात कुठून आलं हे पाहायचं असेल तर त्यांच्या ओसरीवर बसू नये, धार काढायच्या वेळी गोठ्यात जाऊन बसावं. पळसखोऱ्याची वरची आळी पाणी पाजताना बारीक शीळ घालते, खालची आळी 'तिऊ तिऊ' करते. 'आहे' म्हणायला वरची 'शे' म्हणते, खालची 'हाये' म्हणते. म्हणजे वरची आळी मावळतीकडून, धुळ्याच्या बाजूने आली, खालची उगवतीकडून, रावेरच्या बाजूने. एवढं सांगून झालं की मामा गुडघ्यावर थाप मारतात, आणि ऐकणाऱ्यालाही वाटतं की आपल्या हाताला काहीतरी लागलं.

मग पुराव्यासाठी भटकंती सुरू झाली. निवृत्तीनंतर मामांनी मोबाइल घेतला तो नातवंडांचे चेहरे बघायला नव्हे, गोठ्यातल्या शिळा भरून घ्यायला. धुळ्याच्या बाजूची खेडी ते एसटीने पालथी घालत. एकदा जळगावहून धुळ्याला जाताना, आदल्या दिवशी भरून घेतलेली पाणी पाजायची शीळ ते कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐकत होते. शेजारच्या बाईच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं पोर होतं. आता आपल्याकडे पोराला लघवीला बसवतानाही आया तशीच शीळ घालतात. पोराने शीळ ऐकली आणि आज्ञाधारकपणे आपलं काम उरकलं, ते मामांच्या पायजम्यावर. बाई ओशाळून गेली. मामांचे डोळे मात्र चमकले. ओला पायजमा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं माहेर कोणतं?" तिने साक्रीकडचं गाव सांगितलं, आणि वरच्या आळीच्या उगमाचा शोध पन्नासेक किलोमीटर पुढे सरकला.

म्हशींवर ते थांबले असते तर मामींची काही तक्रार नव्हती. पण मामांना वाटू लागलं की माणूस रडतानाही खोटं बोलत नाही. एका सांत्वनाच्या भेटीत, आतल्या खोलीतल्या बायकांचा हुंदका उंच झाला तसे हे जागचे उठले आणि दाराला कान लावून उभे राहिले. घरच्यांना वाटलं आबांना फार लागलं. मामी त्यांना सदऱ्याला धरून बाहेर घेऊन आल्या. "हाई मानूस मना मरनाले बी वही लई बसी," मामींनी मला सांगितलं. माझ्या मरणालाही वही घेऊन बसेल, हे म्हणताना त्यांच्या आवाजात राग होता, पण थोडी खात्रीसुद्धा होती.

वही म्हणजे दवाखान्यातून बाद झालेली नोंदवही. तिचे रकाने छापील. मालकाचे नाव, जनावराचे वर्णन, लक्षणे, उपचार. मामांनी रकाने खोडले नाहीत. गावातलं एकेक घराणं त्यांनी त्यातच बसवलं. 'लक्षणे : हाये म्हणतात. तिऊ तिऊ. आजीला ओव्या येत, आता विसरली. उपचार : आंब्याच्या दिवसांत पुन्हा भेटणे.' हे सगळं इतक्या घाईने का, असं कोणी कोणी विचारायचं. ते सांगत, गोठे रिकामे होत चालले आहेत. बैल विकून लोक ट्रॅक्टर घेतात, आणि ट्रॅक्टरला डिझेल पाजताना कोणी शीळ घालत नाही. शेवटची म्हैस गेली की ती भाषा कोणाशी बोलणार?

या सगळ्या उद्योगाला गाव हसायचं, ते पोळ्याच्या मानाचं भांडण उभं राहीपर्यंत. पोळ्याला वेशीवर तोरण बांधतात आणि त्याखालून पहिली जाते ती मानाची जोडी. हा मान वरच्या आळीत मामांच्या घराण्याकडे आहे. मामांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ऐंशीच्या घरात आहेत. शेती ट्रॅक्टरवर चालते, तरी नानांनी एक खिलारी जोडी राखली आहे, वर्षातल्या त्या एका संध्याकाळच्या शंभर पावलांसाठी. बाकीचे दिवस ती जोडी खाते आणि नाना तिच्याशी बोलतात. मान पहिला का, तर आम्ही या खोऱ्यात पहिले आलो म्हणून, असं वरची आळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. खालच्या आळीला ते कधीच पटलं नव्हतं. त्यांच्यातले एक जण सरपंच झाले आणि त्यांनी ग्रामसभेत विषय काढला, की पहिले कोण आले याचा एकदा निकाल लागू द्या, जो पहिला त्याची जोडी पहिली. निकाल द्यायला माणूसही त्यांनीच सुचवला. कोणीतरी म्हणालं, आबा तर वरच्या आळीचेच. सरपंच म्हणाले, "असू द्या ना. आबानं आजवर कोनाचा लंगडा बैल धडधाकट म्हनून लिहून देलेला नाही."

मामा तीन वर्षं राबले. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा टंकलेखनाचं काम जावई म्हणून माझ्याकडे आलं. दर रविवारी ते नोंदवही घेऊन येत, मी टंकत असे आणि ते शेजारी बसून स्वल्पविराम मोजत. एके रविवारी मी सहज विचारलं, "मामा, यात भिलाटी कुठेच नाही?" ते म्हणाले, "त्यांचं काय लिहायचं? ते कुठून आलेच नाहीत. ते इथलेच." आणि पान उलटलं. मीही पुढचं पान टंकायला घेतलं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला त्या उत्तरात काही खटकायला हवं होतं. नाही खटकलं, हे मी कबूल करतो. नव्वद पानं झाली. शेवटच्या पानावर निकाल होता, की वरची आळी खालच्या आळीच्या आधी आली, थोड्याच वर्षांनी, पण आधी. मामांनी ते पान मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. नानांना सांगितलं तेव्हा ते उठून गोठ्यात गेले आणि बैलांच्या पाठीवरून हात फिरवून आले.

पोळ्याच्या दिवशी हे पान वेशीवर वाचायचं ठरलं. मीही गेलो होतो. गोंडे, झुली, रंगवलेली शिंगं, आणि हौशी मंडळींनी माळा घालून आणलेले दोन ट्रॅक्टर. गावभराच्या मिळून जोड्या दहा-बाराच उरलेल्या. त्यात सर्वांत शेवटी, ओढ्याच्या उतारावर, भिलाटीतल्या अक्काची जोडी. अक्का सत्तरीची, मुलगा ऊसतोडीच्या कामाला बाहेर, म्हणून दोर तिच्याच हातात. तिची जोडी नेहमीच शेवटी. आणि मानाची जोडी निघण्याआधी एक रिवाज असतो. अक्का आपली जोडी तिथेच बांधून, तांब्या घेऊन वर येते, नानांच्या बैलांच्या खुरांवर पाणी घालते, त्यांना गूळ चारते आणि परत जाऊन शेवटी उभी राहते. तिच्या आधी तिची सासू हे करायची. भिलाटीने मानाच्या घराची केलेली ही चाकरी, असं सगळे समजत. मामांना वाटलं, पुस्तकात एवढा एक रिवाज राहिला, तोही टिपून घ्यावा. त्यांनी मोबाइल पुढे धरला.

"अक्का, हाई पानी तुम्ही काब्र टाकतस?"

अक्काने त्यांच्याकडे बघितलं. इतक्या शिकलेल्या माणसाने पाणी का घालता हे विचारावं याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "पाव्हणा उना ते पाय धोवाले पानी देतस ना, आबा."

"कोन पाव्हणा?"

"तुम्ही ना," ती म्हणाली. "मनी सासू सांगे, हाई पाव्हणासना बैल शेतस. पाव्हणा पयले, घरना मानूस मांगे."

पंगतीत असतं तसंच हे, पाहुणा आधी, घरचा माणूस मागून. मामांनी सवयीने काळ विचारला, "कवयपासूनना पाव्हणा?"

"ते माले काय माहीत? तुम्ही जाशात तवय समजी," अक्का म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन उतारावरून खाली गेली. तुम्ही जाल तेव्हा कळेल. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं.

पोळ्याच्या गलक्यात हे बोलणं आम्हा दोघांशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. मोबाइलमध्ये ते उतरलं होतं, पण मोबाइल मामांचाच होता. समोर नाना नवी टोपी घालून दोर धरून उभे. वेशीवर सरपंच ध्वनिक्षेपक घेऊन तयार. मामांच्या हातात नव्वद पानं. ती वाचली असती तर नानांचा मान कायमचा पक्का होत होता. जे आज कळलं ते सांगितलं, तर भावाच्या डोक्यावरून तो त्यांच्या हाताने उतरणार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भित्रा माणूस, मी म्हणालो, "मामा, हे पुढच्या आवृत्तीत घेऊ." ते म्हणाले, "लंगडतंय हे दिसलं, जावईबापू. आता कसं लिहून देऊ?"

वेशीवर जाऊन त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. तीन वर्षं मी सगळ्यांना कुठून आलात ते विचारत होतो, ते म्हणाले, आणि जे कुठूनच आले नाहीत त्यांना विचारायचं राहून गेलं. मग त्यांची भाषा आपोआप घरची झाली. "आपन बठ्ठा पाव्हणा शेतस. पाव्हणा म्हनीसन आपले पयले धाडतस. घरना मानूस मांगेतून येस. तो पहा, तठे उभा शे." आपण सगळेच पाहुणे, असं म्हणून त्यांनी उताराकडे बोट केलं. पहिल्यांदाच अख्ख्या गावाने मागे वळून रांगेच्या शेवटी बघितलं. अक्का बैलाच्या कानातली माशी हाकलत होती.

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ज्या दोन आळ्या पहिल्या जागेसाठी भांडत आल्या होत्या, त्यांना एकदम घरच्या माणसाची मागची जागा आवडू लागली. सरपंच म्हणाले, "नाना, तुमीच व्हा पुढे. मान तुमचा हाये." वरच्या आळीतून कोणी म्हणालं, नाही नाही, तुमचं म्हणणं होतं ना पहिला मान आमचा, तर घ्या. खालच्या आळीने आपली जोडी दोन पावलं मागे घेतली. वरच्या आळीने तीन घेतली. वाजंत्री वाजवावं की थांबावं या विचारात पडले. तोरणाखालची जागा मोकळी आणि रांग उलटी सरकते आहे, असा पोळा खानदेशात दुसरीकडे कुठे झाला असेल असं वाटत नाही. बैल बापडे शिंगांना बांधलेल्या फुग्यांसकट ताटकळत होते.

नाना दोर हातात धरून उभे होते. चेहरा उतरला होता. मामा भावाकडे बघत होते, आणि मला वाटलं आता हा म्हातारा दोर टाकून घरी जाणार. नानांनी खाली बघितलं. बैलांचे खूर अजून ओले होते. "पाय धोयेल शेतस," ते हळूच म्हणाले. "आते उभं राहानं चांगलं दिखत नही." आणि त्यांनी जोडी पुढे घेतली. ऐंशी वर्षांचा माणूस मान सोडून, पण मान ताठ ठेवून, पाहुण्यासारखा तोरणाखालून गेला. ताशा वाजला. बाकीच्या जोड्या त्यांच्यामागून गेल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी कोणापासून लपवलं नाही.

दरवर्षी नानांची जोडी गेली की लोक तोरणाच्या पानांसाठी झोंबतात आणि पुरणपोळीच्या ओढीने घरोघर पांगतात. शेवटची जोडी उघड्या वेशीतून जाते तेव्हा तिथे कोणी नसतं. या वेळीही लोक पांगलेच. बोट दाखवलं तेवढ्यापुरतं सगळ्यांनी बघितलं होतं. मामा मात्र थांबले, म्हणून मी थांबलो. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते मला म्हणाले, "यजमानाने पाहुण्याला काय काय द्यायचं ते आपल्याला पाठ असतं. पाहुण्याने यजमानाला काय द्यायचं असतं हो?"  ती नव्वद पानं सोडली तर आम्ही दोघे रिकाम्या हातांनी उभे होतो.

अक्का जोडी घेऊन आली. आम्हाला बघून थांबली. "आबा, जेवन व्हयनं का?" तिने विचारलं.

"नही," मामा म्हणाले.

"मंग चाला."

भिलाटीतल्या प्रत्येक शेळीच्या पायाला मामांनी पट्टी बांधलेली होती, पण तिथल्या कुठल्याही घरी ते आजवर जेवले नव्हते. मामा तिच्यामागून ओढा उतरले, मी त्यांच्यामागून. अक्काने दारात आमच्या पायांवर पाणी घातलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, ठेचा आणि गुळाची लापशी वाढली, मामांना आग्रह करून करून वाढली. मामा मान खाली घालून जेवत होते आणि एकही प्रश्न विचारत नव्हते. आमचं पोटभर झाल्यावर तिने आमची ताटं उचलली, बैलांना नैवेद्य दिला, कुत्र्याला तुकडा टाकला, आणि मग तव्यावर राहिलेली भाकरी घेऊन ती जेवायला बसली.